पिकअपमध्ये अ‍ॅम्प बसवायचाय? आधी सीट बाहेर काढा

माझा पहिला अ‍ॅम्प (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारी पेटी) मी सीटखाली बसवला होता. चार पत्र्याचे स्क्रू, खाली फ्लोअर, वर सीट, अर्ध्या तासात काम खल्लास. जुलैमध्ये नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला निघालो. घाटात धो धो पाऊस. बरोबरचा पोरगा ताडपत्री आवळायला दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा निथळत वर आला. मुरबाडच्या आसपास गाणं बंद, अ‍ॅम्पवर लाल दिवा. वाशीत गाडी खाली झाल्यावर सीट उचलली तर मॅटखाली पाणी साचलेलं. चारपैकी दोन स्क्रू भोकातून निसटून मोकळे खुळखुळत होते आणि पॉवरची वायर सीटच्या पट्टीवर घासून तांबं दिसायला लागलं होतं. आणखी शंभर किलोमीटर गेलो असतो तर नुसतं गाणं बंद पडण्यावर भागलं नसतं.

मालवाहू गाडीत अ‍ॅम्प बसवायचा तर निम्मं काम सुतारकाम आणि पत्राकाम असतं, हे मला त्या दिवशी कळलं. धक्के, धूळ, पाणी आणि इंजिनची धग, या चौघांपासून अ‍ॅम्प वाचेल अशी जागा एकदा सापडली की वायरिंग अवघड नाही. पुढचं सगळं मी सिंगल केबिनची पिकअप डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. समोरच्या दोन दारांत सहा इंची स्पीकर, एक आठ इंची वूफर आणि चार चॅनेलचा, म्हणजे स्पीकरसाठी चार वेगळ्या वाटा असलेला, अ‍ॅम्प, असा साधा बेत. एक पूर्ण रविवार राखून ठेवा. संध्याकाळी भाडं घेतलं असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

गाडी बारा व्होल्टची की चोवीसची?

हा प्रश्न पिकअपवाल्याला बावळटपणाचा वाटेल, पण मोठ्या ट्रकवाल्याने इथेच थांबायचं. पिकअप आणि छोटे टेम्पो १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारात मिळणारा कार अ‍ॅम्प १२ व्होल्टचा असतो. त्याला २४ दिले की तो जागेवर जळतो.

मग काही जण दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढून घेतात. अ‍ॅम्प वाजतोही. पण एकच बॅटरी रोज रिकामी होते आणि अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून चार्ज करतो. त्यामुळे एक कायम उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. ट्रकमध्ये २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टरच लावायचा. तो कितीचा घ्यायचा ते खालच्या हिशोबावरून ठरवा. कन्व्हर्टरही गरम होतो, म्हणजे त्यालाही अ‍ॅम्पसारखीच हवेशीर जागा लागणार.

खात्रीसाठी मल्टिमीटर बॅटरीला लावून बघा. बंद गाडीत भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू गाडीत १३ च्या खाली दिसत असेल तर आधी अल्टरनेटर आणि पट्टा दाखवून घ्या. अ‍ॅम्प नंतर.

खोक्यावरचे वॅट आणि फ्यूजवरचे अँपिअर

खोक्यावर ठळक अक्षरात १२०० वॅट लिहिलेलं असतं. अ‍ॅम्प पालथा करून त्याच्या अंगावरचा फ्यूज बघा. २० अँपिअरचा असेल तर १३.८ व्होल्टने गुणा: २७६ वॅट. आत जाणारी वीजच तेवढी, मग बाहेर बाराशे कुठून येणार? आपल्याला बघायचा तो आकडा आरएमएस वॅटचा, म्हणजे सलग निघणाऱ्या ताकदीचा. चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॅट आरएमएस, चार ओहमवर. पिकअपच्या केबिनला एवढं रग्गड होतं.

आता तो किती वीज ओढेल ते काढू. चार चॅनेलचे मिळून २०० वॅट. क्लास डी अ‍ॅम्प आत घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के आवाजात लावतो, म्हणजे त्याला २५० वॅट लागतात. भागिले १३.८, आले १८ अँपिअर. जुन्या पद्धतीचा क्लास एबी जेमतेम ५५ टक्के वापरतो आणि बाकीची उष्णता करतो. तो २६ अँपिअरपर्यंत जातो. माझं मत विचाराल तर केबिनसाठी क्लास डीच घ्या. वीज कमी खातो हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे तो लहान असतो आणि कमी तापतो. जागेचा अर्धा प्रश्न दुकानातच सुटतो.

वायर घेताना मात्र हात आखडू नका. स्वस्तातल्या किटमधली जाडजूड वायर बहुतेक वेळा आतून अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असते. टोक कानशीने घासून बघा, पांढरं दिसलं की समजा. अशी वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा बरीच कमी वीज नेते आणि जोडावर लवकर खराब होते. शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, १० चौरस मिमीची वायर घ्या. पाच मीटर लांबीत ३० अँपिअर वाहिले तरी हिच्यात जेमतेम पाव व्होल्ट पडतो.

जागा

सीट काढा. खरंच काढा, चार बोल्ट असतात. सीट जागेवर ठेवून वाकून मोजमाप घेणाऱ्याचा अंदाज नेहमी चुकतो, आणि सीटखाली कुठल्या वायरी, कुठले पाईप आहेत ते दिसतच नाही.

पिकअपमध्ये उमेदवार जागा तीन. सीटखाली, सीटच्या पाठीमागची भिंत, आणि क्लीनरच्या बाजूला डॅशबोर्डखाली. सीटखालच्या जागेची कथा सांगितलीच. टाटा एसमध्ये, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीत, तर इंजिनच सीटखाली असतं; तिथे अ‍ॅम्प ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. डॅशबोर्डखाली उलटा टांगलेला अ‍ॅम्पही तापतो, कारण त्याच्या पंखांतली (अंगावरच्या पात्यांतली) गरम हवा वर जायला वाट नसते. शिवाय शेजारच्याचे गुडघे तिथेच येतात.

राहिली पाठीमागची भिंत. पाणी तिथे चढत नाही, पाय लागत नाही आणि अ‍ॅम्प उभा बसतो. उभा बसवताना त्याचे पंखे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पात्या, खालून वर जातील असा धरा. गरम हवा आपोआप वर निघून जाते. सीटची पाठ आणि अ‍ॅम्प यांच्यात निदान पाच सेंटीमीटर मोकळे हवेत.

मोजण्याची माझी युक्ती अगदी गावठी आहे. अ‍ॅम्पच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करायचा, त्यात पाच सेंटीमीटरची वाढ धरायची, चिकटपट्टीने भिंतीला लावायचा आणि सीट परत बसवायची. मग सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ टेकवायची आणि आपल्यातल्या सगळ्यात वजनदार माणसाला तिच्यावर बसवून मागे रेलायला सांगायचं. सीट काढून बघितलं आणि खोका चेपलेला दिसला, तर जागा बदला. माझ्या गाडीत पहिला खोका चेपला. मग डावीकडे, जॅक ठेवतात त्या कोपऱ्याच्या वर सरकवला तेव्हा जमलं. जॅक, पाना, जादा पट्टा असलं सगळं सीटमागे पडलेलं असतं. ते उडून अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर आलं तर शॉर्ट. त्याची पिशवी आवळून बांधा, नाहीतर दुसरीकडे हलवा.

फळी

अ‍ॅम्प थेट पत्र्यावर ठोकायचा नाही. भिंतीचा पत्रा एक मिमीच्याही आतला असतो. त्यात गेलेला स्क्रू दोन-तीन आट्यांवरच धरतो आणि खराब रस्त्यावर त्या आट्या झिजून जातात. माझे सुटलेले दोन स्क्रू असेच सुटले होते. शिवाय अ‍ॅम्पचं अंग गाडीच्या पत्र्याला थेट लागलं तर काही अ‍ॅम्पमध्ये आवाजात घरघर येते.

म्हणून मध्ये १२ मिमीची मरीन प्लायची फळी घालायची. आयएस ७१० असा शिक्का असलेली घ्या, साधी प्लाय एका पावसाळ्यात फुगते. अ‍ॅम्पपेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर मोठी कापा. कडा घासा आणि दोन हात ऑइल पेंट मारा, कापलेल्या कडांना तीन. पाणी तिथूनच आत शिरतं.

अ‍ॅम्प फळीवर स्क्रूने नाही, आरपार बोल्टने. ४ मिमीचे बोल्ट, मागून नायलॉकचे नट. हे नट कंपनाने सैल होत नाहीत. अ‍ॅम्पच्या कानांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापून घाला. बोल्ट आवळताना रबर चपटं होऊन बाहेर फुगलं की जास्त झालं, पाव आटा मागे या.

आता फळी भिंतीला. आधी गाडीतच वापरता येतील असे बोल्ट शोधा. जॅकचा ब्रॅकेट, एखादी रिकामी वेल्डेड नटाची जागा. दोन बोल्ट असे मिळाले तर दोनच नवी भोकं पाडावी लागतील. एका बोल्टला मात्र हात लावायचा नाही: सीटबेल्टच्या. त्याच्या मागे वायसर किंवा पट्टी सरकवून काम भागवणारे मी पाहिलेत. माणसाचा जीव ज्यावर टांगलेला असतो त्या बोल्टवर अ‍ॅम्प टांगू नका.

भोक पाडायच्या आधी गाडीच्या मागे जाऊन भिंतीच्या पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघा. केबिन आणि हौद्याच्या फटीत हात घालून चाचपा. फ्लोअरला भोक पाडायचं असेल तर खाली झोपून बघा: डिझेलची टाकी, ब्रेकचे पाईप, टेललाइटच्या वायरींचा जुडगा. पाच मिनिटं धुळीत लोळावं लागतं, लोळा. मग पंचाने खूण करून ड्रिलच्या पात्याला टोकापासून एक सेंटीमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा. पातं पट्टीपर्यंत गेलं की थांबायचं. आत घुसलेल्या ड्रिलला ब्रेकचा पाईप आणि रिकामी हवा यांतला फरक कळत नाही.

भोकात रिव्हनट बसवा. तो रिव्हेटसारखा पत्र्यात चेपून बसतो आणि पत्र्याला पक्क्या आट्या मिळतात. ६ मिमीचे चार पुरतात. रिव्हनटचं हत्यार घरी नसतं; फॅब्रिकेशनवाल्याकडे दहा मिनिटांचं काम आहे. भोकाच्या कापलेल्या कडेला आधी रेड ऑक्साइड लावा, आणि बाहेरच्या बाजूने सिलिकॉन. हे राहिलं तर कोकणात फिरणाऱ्या गाडीला एका पावसाळ्यातच गंजाचे ओघळ दिसतील. फळी आणि भिंतीच्या मध्ये जाड रबराचे बुश घातले की बसवणं संपलं. फळी धरून जोरात हलवा. सगळी गाडी हलली पाहिजे, फळी एकटी हलता कामा नये.

बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. चावी काढून पाच मिनिटं थांबा. नव्या बीएस ६ गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कंट्रोलरचं काम थोडा वेळ चालू असतं. मग बॅटरीचा मायनस आधी सोडवा. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते. मायनस सुटलेला असेल तर पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. परत जोडताना मायनस सगळ्यात शेवटी.

प्लसची वायर बॅटरीपासून निघाली की ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज आलाच पाहिजे. अ‍ॅम्पच्या अंगावर फ्यूज आहे, मग हा कशाला, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. अ‍ॅम्पचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो. हा वायरीला वाचवतो. मध्ये कुठे वायर घासून बॉडीला लागली तर बॅटरी शेकडो अँपिअर तिच्यात ओतते आणि वायर शेगडीच्या कॉइलसारखी लाल होते. माळशेजच्या त्या फेरीत माझ्या वायरीला हा फ्यूज नव्हता. आपल्या हिशोबाला ४० अँपिअरचा पुरतो. १० चौरस मिमीची वायर तेवढं आरामात सोसते. फ्यूज होल्डर झाकणाचा घ्या, बॉनेटखाली पाणी उडतं. फ्यूज आत्ता घालू नका, खिशात ठेवा.

इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून वायर आणताना नवं भोक शक्यतो टाळा. कंपनीच्या वायरिंगचा जाड रबरी ग्रोमेट तिथे असतो. त्यालाच बाजूला बारीक छेद देऊन गुळगुळीत केलेल्या सळईच्या मदतीने वायर ओवा. नवं भोक पाडावंच लागलं तर ग्रोमेटशिवाय वायर घालू नका, कारण पत्र्याची कड ही सुरीच असते. बॉनेटखाली सगळीकडे वायरीवर खाचांचा प्लॅस्टिक पाईप चढवा. सायलेन्सर आणि पट्ट्यांपासून लांब, क्लच-ब्रेकच्या दांड्यांपासून लांब, दर २० सेंटीमीटरवर केबल टाय. इंजिन हलतं, म्हणून त्याच्या बाजूने येणाऱ्या वायरीला थोडी ढील ठेवा. पुढे झुकणाऱ्या केबिनचा ट्रक असेल तर कंपनीचा जुडगा बिजागरीजवळ जिथून वळतो तिथूनच, तेवढाच वळसा ठेवून आपली वायर न्यायची, आणि काम झाल्यावर केबिन एकदा पूर्ण झुकवून बघायची. पहिल्यांदा केबिन उचलली आणि वायर फटकन तुटली, असं व्हायला नको.

केबिनमध्ये प्लसची वायर एका दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून न्या. सिग्नलच्या वायरी दुसऱ्या दाराच्या बाजूने. दोघी एकत्र बांधल्या तर स्पीकरमधून अल्टरनेटर गाऊ लागतो.

वायरीच्या टोकांना लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावताना पक्कड मारून चेपू नका, क्रिंपिंगचं हत्यार वापरा आणि वर हीट श्रिंक चढवा. अ‍ॅम्पच्या स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या टोकाला सोल्डरचा डाग देऊ नका. डाग दिलेलं टोक स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चपटं होतं आणि महिन्याभरात जोड सैल पडतो. त्याऐवजी पिन लग.

अर्थ

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तुम्हीही घालवा.

कारमध्ये अख्खी बॉडी एकसंध असते, जवळच्या पत्र्याला अर्थ दिला की झालं. पिकअप आणि ट्रकमध्ये केबिन चासीवर रबराच्या पॅडांवर बसलेली असते. रबरातून वीज जात नाही. केबिनचा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडला जातो तो कंपनीने दिलेल्या एका-दोन अर्थ पट्ट्यांतून. ती पट्टी गंजलेली, सैल किंवा बारीक असेल तर अ‍ॅम्पचे वीस अँपिअर दिवे आणि हॉर्नच्या अर्थशी भांडत तिच्यातून जातात. बेसच्या ठोक्याबरोबर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात ते बऱ्याचदा यामुळे.

म्हणून आधी त्या पट्ट्या शोधा: बॅटरी ते चासी, इंजिन ते चासी, चासी ते केबिन. बोल्ट सोडवून लग आणि पत्रा दोन्ही चकचकीत घासा, परत आवळा. मग अ‍ॅम्पचा अर्थ. प्लसच्याच जाडीची वायर, ४५ सेंटीमीटरच्या आत. केबिनच्या जाड भागावर, फळीच्या जवळ, जागा निवडा. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. रंग, त्याखालचा प्रायमर, सगळं जाऊन पत्रा आरशासारखा दिसला पाहिजे. ६ किंवा ८ मिमीचा बोल्ट, दातेरी वायसर, लग, नट. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळणारेही भेटतात. तसं करू नका.

अर्थ चांगला आहे की नाही हे दिसून कळत नाही, मोजूनच कळतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. सगळं जोडून झाल्यावर, इंजिन चालू आणि गाणं मोठ्याने वाजत असताना, एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला लावा. मीटरची वायर अपुरी पडते, तिला तात्पुरती एक तार जोडून घ्या. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.३ च्या वर गेलं तर अर्थ फसला. पट्ट्या घासूनही सुधारणा होत नसेल तर हट्ट सोडा आणि बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्पपर्यंत वेगळी जाड वायर ओढा.

सिग्नल, रिमोट, स्पीकर

हा भाग लोकांना भीतिदायक वाटतो आणि प्रत्यक्षात सोपा आहे. बाजारातून घेतलेल्या डेकच्या, म्हणजे गाणी लावायच्या प्लेअरच्या, मागे आरसीएची (सिग्नलच्या गोल पिनांची) छिद्रं असतात. तिथून अ‍ॅम्पला केबल. डेकमधून निघणारी निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर अ‍ॅम्पच्या रिमोट टर्मिनलला. डेक चालू झाला की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प जागा होतो. हे १२ व्होल्ट कायम चालू असलेल्या वायरीवरून घेतले तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहील आणि सकाळी मार्केट यार्डात गाडी ढकलावी लागेल.

डेकला आरसीए नसेल तर डेकच्या स्पीकर वायरी थेट घेणारा, हाय लेव्हल इनपुटवाला अ‍ॅम्प घ्या. बाजारातल्या डेकवर पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली वायर मायनस. कंपनीच्या डेकचे रंग वेगळे असू शकतात, तिथे रंगावर विसंबू नका. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग कापूही नका, त्या मापाचा सॉकेट विकत मिळतो.

पुढचे दोन चॅनेल दारांना. मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे दोघांची ताकद एकत्र जोडून, वूफरला, पण वूफर चार ओहमचाच हवा. ब्रिज केलेल्या चॅनेलवर दोन ओहम लावला तर बहुतेक अ‍ॅम्प तापून बंद पडतात. स्पीकरचा मायनस बॉडीला अर्थ करायचा नाही, कधीच नाही. दारात वायर नेताना बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्या.

पहिल्यांदा चालू करताना

गेन शून्यावर, बेस बूस्ट बंद, डेकचा आवाज शून्य. बॅटरीचा मायनस जोडा. मग खिशातला फ्यूज घाला. बारीक ठिणगी दिसेल, घाबरू नका, अ‍ॅम्पमधले कपॅसिटर भरतात. फ्यूज लगेच उडाला तर मोठा घालून बघण्याचा मोह टाळा. कुठेतरी वायर लागलेली आहे, ती शोधा.

फिल्टर ठरवून टाका. दारांच्या चॅनेलना हाय पास ८० हर्ट्झवर, वूफरला लो पास ८० वर. दारातल्या सहा इंचीला खोल बेस वाजवायला लावला की तो फडफडतो आणि दाराची पट्टी त्याच्याबरोबर.

गेन म्हणजे आवाजाचं बटण, हा समज इतका पक्का आहे की दुकानातले लोकही तो फिरवून वरपर्यंत नेऊन देतात. डेककडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांची सांगड घालायला गेन असतो. तो कानाने लावता येतो, पण पहिल्यांदा लावताना मीटर जास्त प्रामाणिक. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा. पेनड्राइव्हवर १००० हर्ट्झचा सलग सूर घ्या, वूफरच्या चॅनेलसाठी ५० हर्ट्झचा. इंजिन चालू, गाडी उघड्यावर. डेकचा आवाज ४० पैकी ३० वर, इक्वलायझर सपाट. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लावा.

किती व्होल्ट यायला हवेत? वॅटला ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. मीटरवर १४ येईपर्यंत गेन सावकाश वाढवा आणि थांबा. स्पीकर ४० वॅटचेच असतील तर १२.६ वर थांबा. ब्रिज केलेला चॅनेल १५० वॅटचा असेल तर साडेचोवीस, पण तेवढा वूफरला सोसतो का ते आधी बघा. झालं की गेनवर नखाने किंवा मार्करने खूण करून ठेवा. कोणीतरी येऊन ते फिरवणारच.

कुंईऽऽ असा आवाज आला तर

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढतो आणि सोडला की उतरतो, तो अल्टरनेटरचा आवाज. गाडी चालू ठेवून डेक बंद न करता आरसीए काढू नका. काही डेकमध्ये आरसीएच्या अर्थचा बारीक फ्यूज असतो, तो उडतो आणि आवाज उलट वाढतो. डेक बंद करा, अ‍ॅम्पकडचे आरसीए काढा, परत चालू करा. आवाज गेला तर दोष डेक किंवा केबलकडे: केबल पॉवरच्या वायरीजवळून गेली आहे, किंवा डेकचा अर्थ कच्चा आहे. डेकची काळी वायर डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पट्टीला लावलेली मी दोन गाड्यांत पाहिली. आरसीए काढूनही आवाज तसाच राहिला तर अ‍ॅम्पचा अर्थ परत मोजा. बाजारात नॉइज फिल्टर नावाची डबी मिळते. ती आजार झाकते, म्हणून ती शेवटी.

डिझेल इंजिनच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत न्यायची सवय लागते. ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न ऐकू येईल एवढी जागा ठेवा, घाटात तर नक्कीच. आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये काच उघडी ठेवून गावातून वाजवत जायचं नाही. नियम आहे म्हणून, आणि लोक झोपलेले असतात म्हणून.

सीट परत बसवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: वायर कुठून गेली, अर्थ कुठे दिला, फ्यूज कितीचा. विमा काढताना अ‍ॅम्प-डेक विजेची जादा उपकरणं म्हणून पॉलिसीत नोंदवा, बिलं जपून ठेवा.

भरलेल्या गाडीने एक खराब रस्त्याची फेरी झाली की सीट पुन्हा काढा. फळीचे चार बोल्ट, अर्थचा बोल्ट, बॅटरीवरचा लग, अ‍ॅम्पचे टर्मिनल, सगळ्यांना पाना आणि स्क्रूड्रायव्हर लावून बघा. पहिल्या फेरीनंतर माझ्या अर्थच्या बोल्टला अर्धा आटा बसला होता. दुसऱ्या फेरीनंतर काहीच नाही. आता दर सर्व्हिसिंगला बघतो.